आईच्या दगडावर काय लिहायचं

"मॅडम, जोडाक्षर एक धरायचं का दोन?"

दगडवाल्याचा हा पहिला प्रश्न. अक्षरामागे 25 रुपये, दगडाचे वेगळे, क्रूस फुकट. त्याच्याकडे एक तेलकट वही होती, आजवर कोरलेल्या मजकुरांची. मी उघडून पाहिली. सगळ्यात जास्त खपलेलं वचन 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', त्याखालोखाल 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे'. माणूस आमच्यातला नव्हता, पण नगरमध्ये इतकी वर्षं दगड कोरून त्याला आमचं सगळं पाठ झालं होतं. "तुमच्या लोकांचं खाली वचन असतंच," तो म्हणाला. "ते लिहून द्या, की मी लागलो कामाला."

तेच तर ठरत नव्हतं. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. कबर अजून मातीचीच होती, भोवती विटांची एक रांग. दादाला हवं होतं 'माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत', आणि त्याच्या वर मोठ्या अक्षरांत 'स्वर्गीय घरी प्रयाण'. मला हवं होतं डोंगरावरच्या प्रवचनातलं, मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं पाचवं वचन: 'जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील.'

दादा फोनवर म्हणाला, "अगं, मेलेल्या माणसाच्या दगडावर पृथ्वी कशाला? सोडून गेली ना ती पृथ्वी?"

आणि दुसरं म्हणजे आई सौम्य नव्हती, असंही म्हणाला. हे मात्र खरं. ती बालवाडी चालवायची आणि तिच्या हाताखालून गेलेली पन्नाशीची माणसंही तिला बघून सायकलवरून उतरायची.

पण हे वचन तिचं होतं. का होतं, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आईचे आजोबा नेवासे तालुक्यातल्या एका गावचे महार. येसकर. वेशीवर राखण, मेलेली जनावरं ओढणं, सरकारी ओझं पुढच्या गावाला पोचवणं, अंमलदाराच्या घोड्यापुढं पळणं. बदल्यात हाडोळ्याचा, म्हणजे महारकीच्या वतनी जमिनीचा, तुकडा, खळ्यावरचं बलुतं आणि संध्याकाळी घरोघर फिरून मागून आणलेली भाकरी. ह्या सगळ्याला वतन म्हणत. वतन म्हणजे मान, असं पाटील-कुलकर्ण्यांच्या घरी असेल. आमच्या घरी वतन म्हणजे हातातली घुंगरकाठी, जी वाजली की लोक बाजूला व्हायचे. वडाळ्याच्या मिशनच्या माणसांशी आजोबांची गाठ पडली, ते लिहायला-वाचायला शिकले, बाप्तिस्मा घेतला. मग एक दिवस वेशीला काठी टेकवून ठेवली आणि नगरला येऊन मिशनच्या बागेत माळी झाले. गावानं किती दिवस निरोप धाडले, 'तुझी पाळी आहे, ये' म्हणून. घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की काठी टेकवल्याचा आवाजसुद्धा मला ऐकू येतो.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं रद्द व्हायला पुढची तीस वर्षं लागली, 1958 चा कायदा. आमच्या चुलत घराण्याच्या सातबाऱ्यावर अजून 'भोगवटादार वर्ग 2' असं येतं. विकायची झाली तर कलेक्टरची परवानगी.

आता त्या आजोबांच्या हातात मराठी शुभवर्तमान पडतं आणि त्यात लिहिलेलं असतं, 'पृथ्वीचे वतन भोगतील'. भाषांतर करणाऱ्यांनी हा शब्द घेतला तो बरोबरच होता. मूळ ग्रीक शब्द वारसाहक्कानं वाट्याला येणाऱ्या जमिनीचा आहे, आणि येशूही सदतिसाव्या स्तोत्रातली ओळ उचलून बोलतोय, तिथं तर शब्दशः जमिनीचीच गोष्ट आहे. विकत घेता येत नाही, बापाकडून येतं, पिढ्यान्‌पिढ्या चालतं, असं जे काही असतं त्याला मराठीत दुसरा शब्द काय? पण आईचे आजोबा तो शब्द वाचून हसले म्हणे. सोडून आलो ते देव परत देतोय!

आई म्हणायची, "ह्या वतनाला जोहार नाही. एवढाच फरक आहे आणि तेवढा पुरे." जोहार म्हणजे महारानं वाकून घालायचा नमस्कार.

आणि सौम्य म्हणजे कोण? तिचा अर्थ असा की, ज्याला आजवर कुणी बोलू दिलं नाही तो. ह्या अर्थानं ती सौम्य घराण्यातली होती, पहिल्यांदा बोलायला मिळालेल्या पिढीतली, म्हणूनच इतकी बोलायची.

मराठीत माणूस मेला की त्याची रवानगी ठरलेली असते. कैलासवासी, वैकुंठवासी, आमच्यात ख्रिस्तवासी. पत्ता नेहमी वरचाच. अंत्यविधीची आमची गाणीही सगळी पैलतीराची. पण दर रविवारी, आणि आमच्या घरी तर दोन वेळा जेवणाआधी, जी प्रार्थना आम्ही म्हणतो ती उलटी जाते: 'तुझे राज्य येवो. जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' येवो म्हटलंय. आम्हांला तिकडं ने, असं त्या अख्ख्या प्रार्थनेत कुठं नाही. मागितली आहे ती रोजची भाकर. मी चाळीस वर्षं ती प्रार्थना म्हणत होते आणि ह्याच्याकडं लक्ष गेलं नव्हतं. आईचं गेलं होतं.

शेवटच्या उन्हाळ्यात ती झोपूनच होती. दादा पिंपरीहून यायचा, उशाशी बसून वचनं वाचायचा. दादा काही वर्षांपासून एका नव्या मंडळीत जातो. हॉल भाड्याचा, पण साउंड सिस्टीम आमच्या देवळापेक्षा कितीतरी बरी. तिथं येशूच्या द्वितीय आगमनावर फार जोर असतो. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, चौथा अध्याय: जिवंत उरलेले विश्वासणारे 'मेघारूढ' होऊन अंतराळात घेतले जातील. एका क्षणात. बाकीचे मागं राहतील आणि पृथ्वीवर क्लेशाचा काळ सुरू होईल. दादानं मला ह्याचा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. बाण, ढग, ज्वाळा, सगळं रंगीत.

दादा वाचत होता आणि आई डोळे मिटून म्हणाली, "मला वर न्यायचं काही बोलू नको रं. मला वरचं काय काम? माझा लिंब इथं आहे."

अंगणातला कडुनिंब. तिनं लावलेला.

दादाला वाटलं, तिला गुंगी आली आहे. मला वाटत नाही.

आता मी भूगोलाची शिक्षिका, शास्त्री-पंडित नव्हे. पण आईच्या त्या वाक्यानंतर मी हा विषय जरा लावून धरला. आमच्या पाळकसाहेबांचं डोकं खाल्लं. त्यांनी 'सामोरे' हा शब्द दाखवला. मराठी बायबलात त्याच ओळीत आहे: 'प्रभूला सामोरे होण्यासाठी'. ग्रीकमध्ये तिथं 'अपांतेसिस' आहे, आणि हा शब्द नव्या करारात आणखी दोनच प्रसंगी येतो. एकदा दहा कुमारींच्या दाखल्यात, नवरा आला, त्याला सामोऱ्या चला, तेव्हा. एकदा प्रेषितांच्या कृत्यांत, पौलाला बंदिवान करून रोमला नेत असताना तिथले बंधू त्याला वाटेत सामोरे येतात तेव्हा. पुढं काय होतं? कुमारी नवऱ्याबरोबर लग्नघरी आत येतात. बंधू पौलाबरोबर रोमलाच परततात. सामोरं गेलेला माणूस पाहुण्याला घेऊन गावात येतो. पाहुण्याबरोबर पाहुण्याच्या गावाला पळून जात नाही.

हे मराठी माणसाला समजावून का सांगावं लागतं, मला कळत नाही. आपल्याकडं सीमांतपूजन असतं. नवरदेव शिवेवर आला की त्याला तिथंच ओवाळून, वाजतगाजत आत आणतात. वऱ्हाड शिवेवर गेलं आणि तिथून नवरदेवासकट गायब झालं, असं लग्न कुणी पाहिलंय? आणि वेशीवर उभं राहून आलेल्याला आधी बघणारा कोण, तर येसकर. आईचे आजोबा. मी हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तू शब्दांचे खेळ करतेस." पण थोडा वेळ गप्प बसला.

तसं पाहिलं तर दादाचा तक्ता फार जुना नाही. आयर्लंडमध्ये पाद्री असलेल्या जॉन नेल्सन डार्बीनं 1830 च्या आसपास ही मांडणी घडवली, आणि 1909 साली अमेरिकेत निघालेल्या स्कोफिल्डच्या टिपांच्या बायबलातून ती जगभर गेली. म्हणजे गोष्ट अशी की, नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 साली, तेव्हा ह्या मिशनऱ्यांच्या डोक्यात 'मेघारूढ' वाचताना हा तक्ता नव्हता. त्या पिढीतल्या बऱ्याच अमेरिकन मिशनऱ्यांची समजूत उलटी होती. सुवार्ता पसरेल, शाळा निघतील, गुलामी जाईल, जग हळूहळू सुधारत जाईल, हजार वर्षांचं राज्य असं इथंच येईल, आणि मग येशू. म्हणून त्यांनी शाळांवर शाळा काढल्या. नगरची फरारबाईंची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि पुण्याला जाऊन काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुढं दोन महायुद्धांनी त्या आशावादाचं कंबरडं मोडलं. शाळा राहिल्या.

दादाचा खरा हुकमाचा पत्ता मेघ नव्हे, आग. पेत्राचं दुसरं पत्र, तिसरा अध्याय. आकाश मोठा नाद करून सरून जाईल, सृष्टितत्त्वं तापून लयास जातील. "जळणारच आहे सगळं," दादा म्हणतो. "जळणाऱ्या घराला रंग कशाला द्यायचा?" हे त्यानं मी शाळेत झाडं लावायचा कार्यक्रम घेतला तेव्हाही ऐकवलं होतं.

मी तो अध्याय चार-पाच वेळा वाचला. पेत्र आगीची तुलना नोहाच्या जलप्रलयाशी करतो. तेव्हाचं जग पाण्यानं बुडून नाश पावलं, असं म्हणतो. पण नाश पावलं म्हणजे काय झालं? नोहा तारवातून उतरला तो ह्याच पृथ्वीवर, आणि पुढं त्यानं द्राक्षमळा लावला. पाळकसाहेबांनी आणखी एक सांगितलं. पृथ्वी आणि तिच्यावरची कामं 'जळून जातील' असं जे आपण वाचतो, तिथं चौथ्या शतकातल्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत 'सापडतील', 'उघडी पडतील' अशा अर्थाचं क्रियापद आहे. सोनाराच्या मुशीतल्यासारखं. आणि त्याच अध्यायात तीन ओळी पुढं, नवं आकाश आणि नवी पृथ्वी, जिथं नीतिमत्त्व वास करतं. दादाच्या तक्त्यात ज्वाळा आहेत. त्या तीन ओळी नाहीत.

मग बायबलाचं, म्हणजे त्यातल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकाचं, शेवटून दुसरं पान. योहान पाहतो की पवित्र नगरी, नवी यरुशलेम, देवापासून स्वर्गातून उतरते आहे, शृंगारलेल्या नवरीसारखी. उतरते. देवाचा मंडप माणसांजवळ येतो. माणसांचा मंडप देवाजवळ नव्हे. तो त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील, हे वचन आपण प्रत्येक दफनाच्या वेळी वाचतो आणि वाचताना मान वर करतो, पण हे अश्रू पुसले जातात ते खाली.

ह्या नगरीची मापं दिली आहेत. लांबी, रुंदी, उंची सारखी, बारा हजार स्टेडिया. एक स्टेडियम साधारण 185 मीटर धरलं तर बाजू होते 2,200 किलोमीटरच्या वर. म्हणजे दिल्लीपासून कन्याकुमारीपर्यंत सरळ रेषेत जेवढं, साधारण तेवढं, आणि तेवढंच वर! अंतराळ स्थानक 400 किलोमीटरवरून फिरतं, ते बिचारं दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याला धडकेल. हे मी नववीच्या वर्गात नाही, घरच्या प्रार्थनेत बोलले, तरी पाळकसाहेबांनी भुवई उंचावली. आकडे मोजायचे नसतात, ते म्हणाले. बारा वंश, बारा प्रेषित, हजार म्हणजे अगणित. आणि असा घन हा जुन्या मंदिरातल्या परमपवित्र स्थानाचा आकार. अख्खी नगरीच गाभारा झाली, एवढंच सांगायचंय. म्हणून त्या नगरीत वेगळं मंदिर नाही. मला हे आवडलं. ज्यांच्या पणज्यांना देवळाच्या पायरीवर येऊ दिलं नाही, त्यांच्यासाठी मंदिरच नसलेलं नगर.

पण एका गोष्टीवर मी अडले. 'समुद्रही राहिला नाही.'

अहो, समुद्र नाही तर मान्सून कुठला? आधीच आमचं नगर पर्जन्यछायेत. अरबी समुद्रावरून निघालेले ढग घाटावर रिकामे होतात आणि आमच्या वाट्याला वारा. तो समुद्रच काढून टाकला तर मुळा-प्रवरा वाहायच्या कशावर? पाळकसाहेब हसले. इब्री माणसाला समुद्र म्हणजे आपल्याला कोकण तशी गोष्ट नव्हे, म्हणाले. दानीएलाची श्वापदं समुद्रातून वर येतात, प्रकटीकरणातलं श्वापदही तिथूनच. समुद्र म्हणजे अंदाधुंदी. शिवाय योहान पात्मसवर हद्दपार होता. बेटावरच्या कैद्याला चहूबाजूंनी दिसणार काय, तर समुद्रच. आपल्या माणसांत आणि आपल्यात आडवं पडलेलं पाणी.

हे पटलं. तरी पावसाचं काय, हा माझा प्रश्न तसाच आहे. पुढच्या पानावर नदी आहे म्हणा, स्फटिकासारखी नितळ, आणि दर महिन्याला फळणारं झाड, ज्याची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी. पानं औषधी म्हटल्यावर आईनं तो कडुनिंबच आहे असं ठरवून टाकलं होतं.

पृथ्वीच्या बाजूनं बोलणारे आणखीही लोक आहेत, आणि ते आमच्या घरी येऊन गेले आहेत. आई चालती-फिरती होती तेव्हा दोन बायका 'टेहळणी बुरूज' घेऊन आल्या होत्या, यहोवाचे साक्षीदार. दादा असता तर दारातून वाटेला लावलं असतं, कारण त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे न मानणाऱ्यांना आमच्या मंडळ्या ख्रिस्ती धरत नाहीत. आईनं चहा केला. त्यांचं म्हणणं, बहुतेक सगळे भले लोक ह्याच पृथ्वीवर, नंदनवन झालेल्या पृथ्वीवर, कायमचे राहतील. आई खूश. मग त्यांनी सांगितलं की स्वर्गात ख्रिस्ताबरोबर राज्य करायला मात्र फक्त एक लाख चव्वेचाळीस हजार जण जातात. आई कप खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे वर वतनदार आणि खाली रयत? हे आम्ही बघून आलोय, बाई." बायका चांगल्या होत्या. हसल्या, आणि पुन्हाही आल्या.

पुण्यात माझ्या शेजारी एक अ‍ॅडव्हेंटिस्ट कुटुंब होतं, येशूच्या आगमनाची वाट पाहणाऱ्या आणि रविवारऐवजी शनिवार पाळणाऱ्या पंथाचं. त्यांचं स्पायसर कॉलेज 1942 पासून पुण्यात आहे, त्यामुळं औंधच्या बाजूला ही मंडळी बरीच. शनिवारी त्यांच्याकडं स्वयंपाक नसायचा, आदल्या दिवशीचं जेवण. त्यांच्या काकूंनी मला फार सुटसुटीत सांगितलं होतं. मेलेला माणूस झोपलेला असतो, कुठं वर-खाली जात नाही. येशू येतो, उठवतो, हजार वर्षं स्वर्गात नेतो, तोवर पृथ्वी ओसाड. मग नगरीसकट सगळे परत इथं. "हजार वर्षं माहेरपण," काकू म्हणाल्या, "मग आपलं घर." ह्यांचे पूर्वज अमेरिकेत विल्यम मिलरच्या चळवळीत 22 ऑक्टोबर 1844 ह्या तारखेला येशूची वाट पाहत रात्रभर जागे राहिले होते. सकाळ झाली, नेहमीसारखी. एवढी मोठी फजिती पचवूनही जे लोक वाट पाहत राहिले त्यांच्याबद्दल मला हसू येत नाही.

माझी एक सहकारी वसईची, कॅथलिक. तिला वाटायचं की त्यांच्याकडं स्वर्ग, शुद्धीस्थान, नरक असा हिशेब पक्का आहे आणि पृथ्वीचा प्रश्नच नाही. मग तिनंच त्यांच्या 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथात शोधून काढलं की शेवटी ही दृश्य सृष्टीसुद्धा रूपांतरित व्हायची आहे. आम्ही दोघी स्टाफरूममध्ये डबा खात बघत राहिलो. सगळ्यांच्या पुस्तकात आहे आणि कुणाच्याच दफनात नाही.

मग बाबा आत्ता कुठं आहेत? आईनं एकदा विचारलं होतं. बाबांना जाऊन वीस वर्षं झाली. नगरी तर अजून उतरलेली नाही. वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणाला, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आज, म्हणजे आजच. (साक्षीदार तिथं स्वल्पविराम एक शब्द पुढं सरकवतात: 'मी तुला आज सांगतो'. मूळ ग्रीकमध्ये विरामचिन्हं नव्हतीच, त्यामुळं भांडण मिटत नाही.) पाळकसाहेबांनी आईला सांगितलं ते असं: "बाबा प्रभूजवळ आहेत. पण तो मुक्काम आहे, गाव नव्हे. गावाला सगळे मिळून जायचंय, आणि गाव इकडंच येणार आहे." दादाच्या वचनातल्या 'राहण्याच्या जागा', त्या ग्रीक शब्दाचा प्रवासातली मुक्कामाची जागा असाही अर्थ होतो. म्हणजे दादाचं वचन आणि माझं वचन भांडत नव्हती. त्याचं पहिल्या रात्रीचं होतं, माझं पोचल्यानंतरचं.

हे मी दादाला सांगितलं. ह्या वेळी शब्दांचे खेळ म्हणाला नाही. म्हणाला, "तिला काय पाहिजे होतं ते तुला माहीत. टाक तुझं." मग थोड्या वेळानं त्याचा मेसेज आला, यशया 65. मी वाचलंय का म्हणून. मला वाटलं, आता आणखी काही ज्वाळा. उघडून पाहिलं तर नव्या पृथ्वीचंच होतं. ते घरं बांधून त्यांत राहतील. एकानं बांधावं आणि दुसऱ्यानं राहावं, एकानं लावावं आणि दुसऱ्यानं खावं, असं व्हायचं नाही. खाली दादानं लिहिलं होतं, 'हाडोळा.' एवढंच.

दगडवाल्याला मी कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून दिलं. फळ्यावर तीस वर्षं लिहिलेलं माझं अक्षर. त्यानं अक्षरं मोजली, जोडाक्षर एक धरलं, आठवड्यानं या म्हणाला.

आठवड्यानं गेले. काळा ग्रॅनाइट, पांढरी अक्षरं, सुबक क्रूस. आणि लिहिलेलं: 'पृथ्वीचे वचन भोगतील.'

वचन!

तो म्हणाला, "तुमच्या दगडावर वचनच असतं ना?" त्याच्या हाताला सवय वचनाची. वतन शब्द त्यानं कधी कोरलाच नव्हता. मी तिथं उभी राहून इतकी हसले की तो घाबरला. मग रडलेही, ते वेगळं. नवा दगड घ्यायचा तर पैसे पुन्हा. त्यानं 'च' लप्पी भरून बुजवला, काळी भुकटी मिसळून घासला, वर 'त' कोरला. समोरून पाहिलं तर काही कळत नाही.

ईस्टरला आमच्या मंडळीची पहाटेची उपासना कब्रस्तानातच असते. अंधारात मेणबत्त्या घेऊन सगळे आपापल्या माणसांच्या कबरींपाशी उभे राहतात. आमच्याकडं पाय पूर्वेला करून ठेवतात, उठलं की तोंड उगवतीकडं. दादा मुद्दाम पिंपरीहून आला होता, मुलीला घेऊन. गाणं संपलं, सूर्य वर आला आणि उजेड दगडावर आडवा पडला. तेव्हा दिसलं. तिरप्या उन्हात 'त'च्या खालून जुना 'च' वर येतो.

पोरगी वाकून वाचत होती. "आत्या, वचन आहे का वतन?"

"वतन," दादा म्हणाला. खिशातून रुमाल काढून त्यानं दगडावर सांडलेलं मेण नखानं खरवडलं, लिंबाची दोन पानं पडली होती ती तशीच राहू दिली.